म्हातारपणाचे सिनेमे एकाच वयाच्या प्रेक्षकांना दाखवू नका

प्रति,
सांगली, मिरज आणि कुपवाडमधील ज्येष्ठ नागरिक संघांचे पदाधिकारी,
तसेच या भागातील महाविद्यालयांच्या सांस्कृतिक विभागांचे प्रमुख यांस,

स. न. वि. वि.

जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन १ ऑक्टोबरला असतो. संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली तो ठरवला आणि १९९१ पासून तो पाळला जाऊ लागला. आपल्याकडे त्या आठवड्यात संघांच्या सभागृहांत सत्कार होतात, रक्तदाब-साखर तपासली जाते आणि बऱ्याच ठिकाणी एखादा चित्रपट लावला जातो. तो बहुधा ठरलेल्या घाटाचा असतो. घर मुलाच्या नावावर झालं, सुनेचा सूर बदलला, शेवटी आईवडील वृद्धाश्रमाच्या दारात. पाहणारे सगळे साठीपुढचे. महाविद्यालयांतही याच विषयावरचे चित्रपट दाखवतात. तिथे पाहणारे सगळे विशीच्या आतबाहेरचे आणि बरेचसे हजेरीपुरते आलेले. एका सभागृहात तक्रार, दुसऱ्या सभागृहात उपदेश, आणि दोन्हीकडे ज्याच्याविषयी बोलायचं तोच गैरहजर.

आमची विनंती अशी. वर्षातून चार वेळा संघ आणि महाविद्यालय यांनी मिळून परभाषेतला चित्रपट दाखवावा. निम्मे प्रेक्षक सत्तरीच्या आसपासचे आणि निम्मे विशीतले असावेत. आणि त्या चित्रपटाची मराठी सबटायटलं या दोन्ही वयांच्या माणसांनी जोडीने बसून केलेली असावीत. शेवटची अट आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ती कशी पाळायची हे पुढे तपशिलाने लिहिलं आहे.

परभाषेतलाच चित्रपट का, असं आपण विचाराल. वय वाढतं तसे आधी उंच पट्टीतले आवाज कानातून निसटतात. स, श, फ, थ ही व्यंजनं धूसर होतात. म्हणून मराठी चित्रपट पाहताना अनेक ज्येष्ठांची तक्रार असते की आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. मग शेजारच्याला विचारावं लागतं, शेजारी वैतागतो आणि माणूस पुढच्या वेळी येत नाही. जपानी किंवा फारसी चित्रपटात सभागृहातल्या कुणालाच संवाद कळत नसतात. सगळे वाचतात. वीस वर्षांची मुलगी आणि पंचाहत्तर वर्षांचे आजोबा तिथे एका पायरीवर येतात.

दुसरं कारण आशयाचं आहे. आपल्याकडचा म्हातारपणाचा चित्रपट पुष्कळदा कौटुंबिक कोर्टातल्या खटल्यासारखा चालतो: फिर्यादी ठरलेला, आरोपी ठरलेला, निकाल ठरलेला. जगातल्या चांगल्या दिग्दर्शकांनी हा विषय वेगळ्या बाजूने धरला. त्यांनी म्हातारं माणूस आणि तरुण माणूस यांच्यात मैत्री होते तरी कशी, कशावर टिकते आणि कुठे अडते, हे पाहिलं. तिथे म्हातारा शहाणाच असेल असं नाही, तरुण कृतघ्नच असेल असंही नाही.

यासुजिरो ओझू यांचा ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) घ्या. ओनोमिची या समुद्राकाठच्या गावाहून एक वयस्क जोडपं टोकियोतल्या मुलांकडे येतं. थोरला डॉक्टर आहे, मुलगी केस करण्याचं सलून चालवते. कुणालाच वेळ नाही, म्हणून आईवडिलांना अतामीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांकडे पाठवून दिलं जातं. कचेरीतून रजा काढून त्यांना शहर दाखवते ती नोरिको, युद्धात गेलेल्या मुलाची बायको. तिची एक खोली. सासऱ्यांना द्यायला साके, म्हणजे तांदळाची दारूही ती शेजारणीकडून उसनी आणते. इथपर्यंतची गोष्ट ‘मुलं वाईट, सून चांगली’ अशी सांगता येते आणि चर्चेत ती तशी सांगितली जाईलच. पण ओझू तिथे थांबत नाहीत. म्हातारा-म्हातारी आपसांत म्हणतात की आपली मुलं इतरांपेक्षा बरीच म्हणायची. नोरिको सासऱ्यांजवळ कबूल करते की आपण समजता तितकी मी चांगली नाही, हल्ली नवऱ्याची आठवण न येताही दिवस सरतात. आणि सासरे तिला सांगतात की त्याला विसर, तू लग्न कर. तिच्या हातात ते सासूचं घड्याळ ठेवतात. एका विधवेला तिच्या सासऱ्यांनी दिलेली ही मोकळीक सांगली-मिरजेतल्या प्रेक्षकांना समजावून सांगावी लागणार नाही. या प्रसंगानंतर सभागृहात शांतता असेल, ती लगेच मोडू नका.

वडिलांचं काम करणारे चिशू र्यू तेव्हा पन्नाशीच्याही आतले होते. उलट इंगमार बर्गमन यांच्या ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’ (१९५७) मध्ये मानद पदवी घ्यायला स्टॉकहोमहून लुंडला मोटारीने निघालेले डॉक्टर साकारणारे व्हिक्टर श्योस्त्रोम खरेच अठ्ठ्याहत्तरीचे होते. विद्यार्थ्यांना हा फरक मुद्दाम सांगा आणि मग दोघांच्या बसण्या-उठण्याकडे लक्ष द्यायला सांगा. अभिनय शिकणाऱ्या मुलांना यातून जे दिसेल ते व्याख्यानातून दिसणार नाही.

अकिरा कुरोसावा यांचा ‘इकिरू’ (१९५२) अधिक अवघड आहे, पण सोडू नये असा. पोटाचा कर्करोग झालेला पालिकेतला अधिकारी वातानाबे त्याचीच कचेरी सोडून चाललेल्या तोयो या तरुण मुलीच्या मागे-मागे फिरतो. तिचं खाणं, हसणं, उत्साह त्याला हवाहवासा वाटतो. आधी तिला गंमत वाटते, मग ती अवघडते, मग घाबरतेही. मुलगा आणि सून भलताच अर्थ काढतात. म्हाताऱ्याची तरुण मुलीशी मैत्री म्हटली की आपल्या गल्लीतही ज्या नजरा वळतात, त्या या चित्रपटात लपवलेल्या नाहीत. तोयो त्याला उपदेश करत नाही. ती आता खेळण्यांच्या कारखान्यात काम करते आणि चावीचा ससा टेबलावर चालवून दाखवते: मी ही वस्तू बनवते, तुम्हीही काहीतरी बनवा. तिथून वातानाबेला लहान मुलांच्या बागेचं काम सुचतं. मैत्री इथे एका कामाकडे बोट दाखवून संपते, आणि तेवढी पुरते.

अशा मैत्रीला मधे काहीतरी ठेवावं लागतं: एखादी वस्तू, एखादं काम, एखादी अडचण. नुसतं समोरासमोर बसवून ‘एकमेकांशी बोला’ म्हटलं की दोन्ही पिढ्या गप्प होतात. नाओमी कावासे यांच्या ‘स्वीट बीन’ (२०१५) मध्ये ही वस्तू म्हणजे लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड सारण. दोरायाकी नावाच्या छोट्या धिरड्यांचं दुकान चालवणारा सेंतारो डब्यातलं तयार सारण वापरतो. सत्तरी ओलांडलेली, बोटं वाकडी झालेली तोकुए नोकरी मागायला येते. मग पहाटेपासून दाणे धुणं, उकळून पाणी टाकून देणं, पुन्हा शिजवणं, साखर घालून मुरू देणं, शेवटी पाक घालून हलक्या हाताने घोटणं. पुरण घातलेल्या कुठल्याही बाईला ही दृश्यं पाहताना हात शिवशिवल्याशिवाय राहणार नाहीत. दुकानाबाहेर रांग लागते, आणि मग बातमी पसरते की तोकुएला कुष्ठरोग होऊन गेला आहे. जपानमध्ये अशा रुग्णांना सक्तीने वेगळं ठेवणारा कायदा १९९६ साली रद्द झाला. तोपर्यंत अनेकांचं आयुष्य कुष्ठरोग वसाहतीच्या आवारातच सरलं होतं. मिरजेत कुष्ठरोगाचं जुनं रुग्णालय आहे. संघांतल्या अनेकांना भीतीचे ते दिवस आठवतील आणि विद्यार्थ्यांना ते ठाऊकच नसतील. या चित्रपटाच्या चर्चेला एखादे डॉक्टर बोलवा, पण खेळ संपल्यावर आणि दहा मिनिटांपुरतेच. तोकुएचं काम करणाऱ्या किरिन किकी यांच्यासोबत शाळकरी वाकानाच्या भूमिकेत त्यांची खरी नात आहे, हेही सांगण्यासारखं.

अब्बास किआरोस्तामी यांचा ‘व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस?’ (१९८७) तर या कामासाठीच बनवल्यासारखा आहे. अहमदच्या दप्तरात चुकून मित्राची वही आली आहे. उद्या गृहपाठ वहीत नसेल तर मित्राला शाळेतून काढतील. म्हणून तो टेकडीपलीकडच्या गावात त्याचं घर शोधत पळतो. त्याला दोन म्हातारे भेटतात. एक त्याचेच आजोबा. खिशात सिगारेटी असताना ते त्याला सिगारेट आणायला पाठवतात, कारण पोराला ऐकायची सवय लागली पाहिजे. दर पंधरवड्याला पोराला एकदा चोपावं, कारण नसलं तरी, असं त्यांचं मत. दुसरा लाकडी दारं-खिडक्या करणारा सुतार. त्याला गप्पा मारायच्या आहेत, वाटेवरची आपण केलेली दारं दाखवायची आहेत आणि त्याचे पाय दुखतात. अंधार पडतोय. अहमदला घाई आहे, तरी तो म्हाताऱ्याच्या चालीने चालतो. सुतार त्याला नेमका चुकीच्या घराशी नेतो. अहमद वही शर्टात लपवतो आणि ते घर चुकीचं आहे हे त्याला कळू देत नाही. आठ वर्षांच्या मुलाने दाखवलेली ही अदब एकाही संवादात सांगितलेली नाही. सुताराने दिलेलं फूल पुढे कुठे दिसतं ते आम्ही इथे लिहीत नाही.

ली जोंग-ह्यांग यांचा कोरियन ‘द वे होम’ (२००२) पहिल्या खेळासाठी सर्वांत सोयीचा. दीड तासाच्या आत संपतो आणि आजी मुकी असल्याने संवाद फार थोडे आहेत. सोलहून आलेला सात वर्षांचा नातू आजीला पूर्वी कधी भेटलेलाही नाही. तो तिचा केसांतला चांदीचा आकडा चोरतो, तिला नको ते बोलतो. त्याला तळलेलं कोंबडीचं मांस हवंय. खुणेने ‘कोंबडी’ एवढंच आजीला समजतं आणि ती उकडलेली कोंबडी वाढते. जाण्याच्या आदल्या रात्री तो तिच्या सगळ्या सुया ओवून ठेवतो. आजीचं काम करणाऱ्या किम उल-बून यांनी त्याआधी कधी कॅमेऱ्यासमोर काम केलं नव्हतं. इथे नातं रक्ताचं असलं तरी ओळख शून्यापासून होते, म्हणून आम्ही तो या यादीत घेतो.

माहितीपटांत दिग्दर्शिका ॲग्नेस व्हार्दा आणि छायाचित्रकार जेआर यांचा ‘फेसेस प्लेसेस’ (२०१७) जरूर पाहावा. व्हार्दांचा जन्म १९२८ चा, जेआर यांचा १९८३ चा. दोघं एका गाडीत छापखाना घेऊन फ्रान्सच्या गावांत फिरतात, लोकांचे फोटो काढतात आणि भिंतीएवढे करून चिकटवतात. व्हार्दांची नजर अधू होत चालली आहे, जेआर काळा चष्मा काढत नाहीत. त्यावरून दोघं खऱ्या मित्रांसारखे भांडतात.

काही चित्रपट मात्र जपून. मिखाएल हानेके यांचा ‘अमूर’ (२०१२) मोठा आहे. पण घरात आजारी जोडीदाराची सेवा करत असलेल्या प्रेक्षकाला तो न सांगता दाखवू नये. ‘अ मॅन कॉल्ड उवे’ (२०१५) हसवणारा म्हणून लावला जातो, तर त्यात आत्महत्येचे प्रयत्न एकामागोमाग आहेत. ‘उंबर्तो डी’ (१९५२) मध्येही तो धागा आहे. ‘प्लॅन ७५’ (२०२२) मध्ये सरकारच पंचाहत्तरीपुढच्यांना मरणाची सोय करून देतं. हे चित्रपट टाळा असं आमचं म्हणणं नाही. निमंत्रण पत्रिकेत दोन ओळींत विषय स्पष्ट लिहा, म्हणजे ज्याला यायचं नाही तो येणार नाही. आणि ज्यात म्हातारा फक्त तरुण नायकाला दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगून मरण्यासाठी असतो, किंवा म्हातारीला गॉगल घालून नाचवलं की विनोद झाला असं मानलेलं असतं, ते चित्रपट खुशाल वगळा. त्यांत माणूस नसतो.

आता कामाचं.

परवानगी सर्वांत आधी. घरच्या ओटीटी खात्यावरून सभागृहात चित्रपट दाखवणं त्या खात्याच्या अटींत बसत नाही. जाहीर खेळाला १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली प्रमाणपत्राचाही प्रश्न येतो; नोंदणीकृत फिल्म सोसायट्यांना सदस्यांपुरती सवलत मिळते, म्हणून जवळच्या फिल्म सोसायटीला बरोबर घेतलेलं बरं. भारतीय कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, त्यामुळे पन्नासच्या दशकातले चित्रपट मोकळे वाटतात. पण नव्याने दुरुस्त केलेल्या प्रतीचे आणि त्यावरच्या इंग्रजी सबटायटलांचे हक्क वेगळे असू शकतात. वितरकाला पत्र लिहा आणि त्याच पत्रात मराठी सबटायटलांची परवानगी मागा, कारण तेही भाषांतरच आहे. पुण्यातलं आलियांस फ्रान्सेझ (फ्रेंच) आणि मॅक्समुल्लर भवन (जर्मन) ही सांस्कृतिक केंद्रं, तसंच दिल्लीतलं जपान फाउंडेशन यांच्याकडे विचारणा करावी. उत्तराला वेळ लागतो. तीन महिने हाताशी ठेवा.

सबटायटलांचं काम. दीड तासाच्या बोलक्या चित्रपटात हजाराच्या आसपास सबटायटलं असतात, ‘द वे होम’सारख्यात बरीच कमी. आठ जोड्या केल्या, प्रत्येक जोडीत एक विद्यार्थी आणि एक ज्येष्ठ, तर एकेका जोडीच्या वाट्याला सव्वाशे येतात. दोन-दोन तासांच्या तीन बैठकांत ते निघतं. विद्यार्थ्याने इंग्रजीवरून कच्चा मजकूर करावा, ज्येष्ठाने तो मोठ्याने वाचून तोडावा. तोडणं हेच खरं काम आहे. एका वेळी दोनच ओळी, ओळीत तीसेक अक्षरं. इंग्रजीत प्रेक्षक सेकंदाला पंधरा-सतरा अक्षरं वाचतो असं धरतात; मिश्र वयाच्या मराठी प्रेक्षकांसाठी दहा-बारा धरा. भरलेल्या दोन ओळी पडद्यावर पाच-सहा सेकंद राहिल्याच पाहिजेत. तितका वेळ नसेल तर वाक्य लहान करा, वेग वाढवू नका.

इथे दोन चुका हमखास होतात. ज्येष्ठ मजकूर ग्रांथिक करतात आणि सात वर्षांचा मुलगा ‘मला प्रचंड क्षुधा लागली आहे’ या थाटात बोलू लागतो. विद्यार्थी उलट कॉलेजच्या कट्ट्यावरची भाषा घालतात. तिसऱ्या माणसाने चित्रपट लावून सगळं एकदा तपासावं. कोण कुणाला ‘अहो’ म्हणतं आणि कोण ‘ए’, हे सुरुवातीलाच तक्त्यात लिहून ठेवा, नाहीतर एक जोडी सासऱ्यांना ‘तुम्ही’ म्हणते आणि दुसरी ‘तू’. या तक्त्यावर दोन पिढ्यांत वाद होतील. होऊ द्या, त्यासाठीच जोड्या केल्या आहेत.

टंकलेखन युनिकोडमध्येच करा. शहरातल्या डीटीपीवाल्यांकडे जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर सबटायटलात गेला की पडद्यावर अगम्य चिन्हं दिसतात. फाइल एसआरटी या सबटायटलांच्या नेहमीच्या स्वरूपात आणि यूटीएफ-८ या युनिकोडच्या प्रकारात जतन करा, नाहीतर चौकोन उमटतात. जोडाक्षरं फुटत असतील तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या सेटिंगमध्ये देवनागरीचा चांगला फॉन्ट निवडा. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी चालतात आणि फुकट मिळतात. ‘सबटायटल एडिट’ हे सॉफ्टवेअरही मोफत आहे. आणखी एक नेहमीचा घोळ: सुरुवातीला जुळलेली सबटायटलं हळूहळू मागे-पुढे सरकत जातात. कारण प्रत सेकंदाला २५ चौकटींची (फ्रेम्सची) असते आणि सबटायटलं २३.९७६ च्या प्रतीवरून केलेली असतात. दीड तासात हा फरक पावणेचार मिनिटांपर्यंत जातो. ‘सबटायटल एडिट’मध्ये चौकटींचा वेग बदलला की तो मिटतो. सुरुवातीपासून सारखाच फरक असेल तर व्हीएलसीत जी आणि एच या कळांनी खेळ चालू असतानाही सरकवता येतं, एका दाबाला ५० मिलिसेकंद.

जुने चित्रपट चौकोनी पडद्याचे आहेत. ‘टोकियो स्टोरी’, ‘इकिरू’, ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’ लावल्यावर दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसणारच. ऑपरेटर ते घालवायला चित्र ताणतो; मग चेहरे रुंद होतात किंवा डोकी आणि सबटायटलं कापली जातात. पट्टे राहू द्यावेत. पांढऱ्या शर्टावर, बर्फावर पांढरी अक्षरं बुडतात, म्हणून अक्षरांमागे काळसर पट्टी ठेवा. अक्षरांची उंची चित्राच्या उंचीच्या विसाव्या हिश्श्यापेक्षा कमी नको.

सभागृह तळमजल्यावरचं, स्वच्छतागृह जवळ, खुर्च्यांना हात असलेल्या. पडद्याचा खालचा काठ जमिनीपासून साडेचार फुटांवर असावा, नाहीतर पुढच्यांच्या डोक्याआड नेमकी सबटायटलंच जातात. दुहेरी भिंगाचा चष्मा असणाऱ्यांना पुढच्या रांगेत बसवण्याची पद्धत आहे, ती उलटी पडते. पुढे बसलं की चित्र आणि खालची अक्षरं यांत नजर बरीच वर-खाली करावी लागते, आणि डोळे खाली वळले की नजर जवळच्या भिंगात शिरते आणि अक्षरं पुसट होतात. दहा फूट रुंद चित्र असेल तर पंधरा ते तीस फुटांच्या पट्ट्यात त्यांना बसवा. पडद्यावर ट्यूबचा उजेड येऊ देऊ नका. चालण्याच्या वाटेवर मात्र मंद दिवे असू द्या. वय झालेल्यांना लख्ख उजेडातून अंधारात आल्यावर काही मिनिटं नीट दिसत नाही, म्हणून दारं खेळाच्या पंधरा मिनिटं आधी उघडा आणि दिवे हळूहळू कमी करा.

शनिवारी चारची वेळ सर्वांना सोयीची. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडच्या मुलांना सातनंतरची एसटी मिळते आणि ज्येष्ठ फार उशीर न होता घरी पोहोचतात. पावसाळ्यात नको, नदीकाठच्या वस्त्यांत जुलै-ऑगस्टमध्ये कुणाचं चित्त थाऱ्यावर नसतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत महिन्याला एक खेळ बसवा. पाऊण तास ते तासाभराने पंधरा मिनिटांचं मध्यंतर, पण दृश्य संपल्यावर. सत्कार, दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुण्यांचं मनोगत हे सगळं मिळून पाच मिनिटांत आटपा. शाल-श्रीफळात पाऊण तास गेला की ‘टोकियो स्टोरी’चा शेवट पाहायला निम्मी माणसं उरत नाहीत.

दृष्टी अगदीच कमी असलेल्यांसाठी सबटायटलं मोठ्याने वाचणं हा चांगला मार्ग आहे. मूकपटांच्या काळात जपानमध्ये पडद्याशेजारी उभे राहून निवेदन करणारे बेन्शी लोकप्रिय होते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथे नाटक उभं केलं त्या सांगलीत वाचणाऱ्यांचा तुटवडा नाही. वाचक दोन ठेवा: ज्येष्ठ पात्रांचे संवाद ज्येष्ठाने, तरुणांचे तरुणाने. पात्र बोलायला लागल्यावर अर्ध्या सेकंदाने सुरू करा, आवाज मूळ आवाजापेक्षा थोडाच वर ठेवा. आपल्या रंगकर्मींना एकच सांगणं आहे की वाचनात अभिनय करू नका. तो पडद्यावर आधीच झालेला आहे. शांत जागा तशाच शांत सोडा.

चर्चा सहा-सहांच्या गटांत, प्रत्येकात तीन-तीन, पंचवीस मिनिटं. ‘यातून काय शिकलो’ हा प्रश्न विचारला की दोन्हीकडून भाषणं सुरू होतात. नेमकं दृश्य धरा. सुताराबरोबर चालताना अहमद किती वेळा पुढे जाऊन थांबला? नोरिकोने साके कुणाकडून आणली? तोयो नेमकी कोणत्या क्षणी घाबरली? माणसं आधी दृश्यावरून हुज्जत घालतात, मग आपोआप स्वतःच्या घराकडे येतात. बोलायचं नसेल त्याला बोलायला लावू नका.

क्रम आम्ही असा सुचवतो: नोव्हेंबरात ‘द वे होम’, डिसेंबरात ‘व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस?’, जानेवारीत ‘स्वीट बीन’, फेब्रुवारीत ‘टोकियो स्टोरी’. संवाद टप्प्याटप्प्याने वाढत जातात आणि शेवटचे दोन चित्रपट लांबीनेही मोठे आहेत, त्यामुळे जोड्यांचा हात बसायला वेळ मिळतो. ‘इकिरू’ दुसऱ्या वर्षी घ्या, तोवर दोन्ही बाजूंना एकमेकांसमोर मोकळं बोलायची थोडी सवय झालेली असेल.

आपल्या पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि दोन गोष्टी ठरवाव्यात: संघाकडून आठ नावं आणि महाविद्यालयाकडून आठ नावं. परवानगीची पत्रं लिहिण्यात, ‘अहो’-‘ए’चा तक्ता करण्यात आणि पहिल्या सबटायटल-बैठकीला आम्ही बरोबर बसू.

आपले,
सांगली-मिरजेत परभाषेतले चित्रपट दाखवणारे आणि त्यांची मराठी सबटायटलं करणारे काही जण